नेम फोनात नसतो

गेल्या जूनमध्ये ऐन पेरणीच्या तोंडावर बहिणीकडे गेलो होतो. घरात अबोला होता. १७ वर्षांच्या भाच्याला २२ हजारांचा नवा मोबाईल हवा होता आणि दाजींनी तेवढेच पैसे खत-बियाण्यासाठी बाजूला ठेवले होते. "मामा, या फोनवर माझा नेमच लागत नाही," भाचा म्हणाला. खेळ बीजीएमआय. १०० खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मला हा खेळ येत नाही. पण पीक कशाने बिघडले हे शोधायची सवय नोकरीने लावली आहे. मी म्हणालो, "आधी १५ दिवस प्रात्यक्षिक करू, मग फोनचे बघू."

पहिली चूक लगेच सापडली. व्हिडिओ पाहून तो रोज सेन्सिटिव्हिटी बदलायचा. बोट किती सरकवले की बंदूक किती वळते, हे ठरवणारी ही सेटिंग. एकाच वावरात बियाणे, खत आणि औषध एकदम बदलले तर गुण कशाचा आला ते कळत नाही. तसेच हे. आकडा कायम केला, म्हणजे बोटाला सवय लागते.

दुसरी चूक रिकॉइलची. सलग गोळ्या झाडल्या की बंदुकीचे तोंड वर उचलते. तेवढे बोट खाली ओढावे लागते. त्यासाठी ट्रेनिंग ग्राउंडवर रोज १० मिनिटे एकाच बंदुकीचा सराव ठरवला. शत्रू लांब असेल तर एकेक, दोन-दोन गोळ्याच झाडायच्या.

तिसरी चूक, चालताना नेमाची खूण जमिनीकडे असायची. ती माणसाच्या डोक्याच्या उंचीवर धरली, की समोर कोणी आल्यास बोट थोडेच हलवावे लागते.

चौथी गोष्ट वहीने सांगितली. प्रत्येक सामन्याची वेळ, कशाने हरलो आणि पिंग किती, हे तो लिहीत गेला. पिंग म्हणजे बोटाचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. माजघरात तो फार वाढायचा, ओट्यावर निम्म्याने उतरायचा. रात्री ११ नंतरचे सामने तर सर्वांत वाईट. झोपेला आलेल्या डोळ्याने नेम कसला लागणार? आणि पैसे मोजून घेतलेल्या बंदुकीच्या रंगीत रूपाने एकही नेम सुधारला नव्हता.

भाचा काही अजिंक्य झाला नाही. पण पूर्वी ५ पैकी ४ सामन्यांत लवकर बाद व्हायचा, तो आता दोनदाच होतो. फोनचा विषय त्याने स्वतःच दिवाळीवर टाकला. खत वेळेवर पडले.

२०२३ साली हा खेळ भारतात परत आला, तेव्हा १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली गेली. घरातली मर्यादा मात्र आपणच घालायची. त्याआधी एकदा मुलाशेजारी बसा आणि तो कशाने हरतो ते पाहा. रागावण्यापेक्षा त्याचा गुण लवकर येतो.