व्हिएतनामचे दक्षिणायन

हनोईपासून सायगॉनपर्यंत १,७२६ किलोमीटर धावणारा व्हिएतनामचा लोहमार्ग फ्रेंच सरकारने १८९९ साली बांधावयास घेतला आणि १९३६ साली पुरा केला. फौज, माल आणि महसूल यांची ने-आण सुलभ व्हावी एवढाच त्यामागील हेतू होता. पुढे युद्धांनी तो जागोजाग तोडला, आणि देश एकत्र झाल्यानंतर १९७६च्या अखेरीस त्यावरून पुन्हा सलग गाडी धावू लागली. आज हेच अंतर विमान दोन तासांत कापते, आगगाडीला मात्र तीस तासांहून अधिक लागतात. आणि म्हणून हनोई, हालाँगचा उपसागर व सायगॉनजवळची कू चीची भुयारे एवढी स्थळे विमानाने जोडून परतणारा आपल्याकडील प्रवासी मधला सारा देश ढगांवरूनच ओलांडतो. वास्तविक ज्याला या देशाचा इतिहास आणि त्याचे अन्न समजून घ्यावयाचे असेल त्याने हीच आगगाडी धरावी, मुक्कामामुक्कामाने धरावी, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडेच जावे. कारण हा देश ज्या दिशेने वाढला तीच या गाडीची दिशा आहे.

व्हिएतनाम म्हटले की आपल्या पिढ्यांच्या मनात एकच चित्र उभे राहते : बलाढ्य फ्रान्सला आणि त्याहून बलाढ्य अमेरिकेला जेरीस आणणारे एक चिमुकले, काटक राष्ट्र. १९५४च्या जिनिव्हा तहानंतर नेमल्या गेलेल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे असल्याने या चित्राशी आपली जवळीकही जडली. हे चित्र खोटे नाही. सुमारे सहस्र वर्षे चिनी अंमलाखाली राहूनही व्हिएत लोकांनी आपली भाषा सोडली नाही, आणि ९३८ साली न्गो क्वेन या सेनानीने बाख दांग नदीच्या पात्रात लोखंडी टोकांचे खांब रोवून, भरतीबरोबर आत शिरलेले चिनी आरमार ओहोटीच्या वेळी त्यांवर अडकवून बुडविले, तेव्हापासून प्रतिकार हा त्यांच्या राष्ट्रीय स्मृतीचा कणा होऊन बसला. परंतु हे अर्धेच चित्र आहे. त्या विजयाच्या वेळी व्हिएतांचा मुलूख तांबड्या नदीचे खोरे आणि त्याच्या दक्षिणेची थोडी किनारपट्टी एवढाच होता. त्यापलीकडे चंपा नावाचे, संस्कृत शिलालेख कोरणारे आणि शिवाची मंदिरे बांधणारे राज्य नांदत होते, आणि पुढील सुमारे नऊशे वर्षांत उत्तरेच्या या काटक लोकांनी ते तुकड्यातुकड्याने गिळले. या वाटचालीला व्हिएतनामी इतिहासकार ‘नाम तिएन’, म्हणजे दक्षिणेकडील कूच, असे म्हणतात.

हनोईत या कुचाचे मूळ भांडवल पाहावयास मिळते. १०१० साली ली थाय तो राजाने आपली राजधानी होआ लूच्या डोंगरांतून येथे हलविली. १०७० साली कन्फ्यूशियसच्या नावाने ‘वान मिएउ’ हे विद्यामंदिर उभे राहिले, आणि त्याच्या प्रांगणात दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या असलेल्या ८२ शिळांवर राजदरबारी परीक्षांत उत्तीर्ण झालेल्या पंडितांची नावे कोरलेली आजही वाचता येतात. या शिळा उभारण्याची प्रथा १४८४ साली ज्याने सुरू केली तो ले थान तोंग राजा, आणि १४७१ साली चंपाची राजधानी विजय जिंकून तिची धूळधाण करणारा राजा एकच, ही गोष्ट मार्गदर्शकांच्या ठराविक निवेदनात सहसा येत नाही. विद्वानांची कदर आणि शेजाऱ्याचा उच्छेद एकाच कारकिर्दीत सुखेनैव नांदू शकतात. परीक्षा उत्तीर्ण झालेले हे मुत्सद्दीच नव्या मुलखाची दप्तरे सांभाळावयास उपयोगी पडत.

हनोईचे अन्न या दरबारी संयमाला शोभेसेच आहे. ‘फो’ हे तेथील सर्वश्रुत पक्वान्न विसाव्या शतकाच्या आरंभीचे, म्हणजे वाटते तितके प्राचीन मुळीच नाही. गोमांसाच्या हाडांचा मंद आचेवर तासन्‌तास उकळलेला अर्क, त्यात भाजलेले आले आणि कांदा, चक्रीफूल, दालचिनी, आणि वाडग्यात तांदळाच्या रुंद शेवया. वर थोडी कांद्याची पात. जे गोमांस खात नाहीत त्यांच्यासाठी कोंबडीचा ‘फो गा’ असतो. हनोईकर त्यात फार काही मिसळू देत नाही. रस नितळ असावा आणि मसाल्याचा वास यावा, पण मसाला दिसू नये, असा त्याचा आग्रह असतो.

गाडी दक्षिणेकडे निघाली की देश चिंचोळा होत जातो, एका अंगाला लाओसच्या सरहद्दीवरील डोंगर आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. याच चिंचोळ्या पट्ट्यात ती दोन नद्या ओलांडते, आणि दोन्ही एकेकाळच्या सरहद्दी होत. पहिली झान, सतराव्या शतकात उत्तरेचे त्रिन्ह आणि दक्षिणेचे न्गुएन ही दोन सरदार घराणी, नावापुरता एकच बादशहा मानून, या नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांशी झुंजली. दुसरी बेन हाय. १९५४च्या तहाने सतराव्या अक्षांशानजीक देशाची जी फाळणी झाली तिची रेषा या नदीतून गेली. वीस वर्षांच्या या फाळणीच्या कथा आपण वर्तमानपत्रांत वाचल्या. तिच्या आधीची शतकाहून दीर्घ फाळणी मात्र व्हिएतनामबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाही.

ह्वे शहर ज्या प्रदेशात वसले आहे तो व्हिएतांना लढाईने मिळाला नाही, हुंड्याच्या उलट प्रकाराने मिळाला. १३०६ साली चंपाचा राजा तिसरा जयसिंहवर्मन याने व्हिएत राजकन्या ह्वेन त्रान हिच्याशी विवाह करण्यासाठी वधूमूल्य म्हणून आपले दोन प्रांत लिहून दिले. पुढच्याच वर्षी राजा वारला. चंपात राणीने सहगमन करण्याची चाल होती म्हणून व्हिएत दरबाराने एक सरदार पाठवून युक्तीने तिला परत आणविले, असे बखरी सांगतात. राजकन्या परत आली, प्रांत मात्र परत गेले नाहीत. पाच शतकांनंतर, १८०२ साली, सर्व देश प्रथमच आजच्या आकारात एकछत्री करणाऱ्या झा लोंग बादशहाने याच प्रदेशात राजधानी वसविली, आणि ३० ऑगस्ट १९४५ रोजी येथल्याच न्गो मोन दरवाजावर शेवटचा बादशहा बाओ दाय याने तख्ताचा त्याग केला. १९६८च्या लढाईत किल्ल्यातील राजवाड्यांची अपरिमित हानी झाली, आणि त्यांची पुनर्बांधणी अद्याप चालू आहे. त्यामुळे येथे जुने किती आणि नवे किती हा हिशेब मनात सतत चालू ठेवावा लागतो.

ह्वेच्या अन्नात दोन प्रवाह आहेत. एक दरबारी : इवल्याशा बशांत वाफवलेले तांदळाच्या पिठाचे ‘बान्ह बेओ’, वर सुक्या कोळंबीची भुकटी, असल्या बशांची रास रिचवली तरी जेवल्यासारखे वाटत नाही. दुसरा रांगडा : गवती चहाचा दरवळ, आंबवलेल्या जवळ्याचा उग्र वास आणि लाल मिरचीचा तवंग असलेला ‘बुन बो ह्वे’, ज्यापुढे हनोईचा फो अगदीच सोवळा ठरतो. मराठी जिभेला या दुसऱ्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

ह्वेहून पुढे आगगाडी हाय वान घाटात समुद्राच्या काठाकाठाने वळणे घेते. हा तुकडा दिवसाउजेडीच करावा. घाटापलीकडे दा नांग, आणि तेथे १९१९ साली खुले झालेले चाम, म्हणजे चंपाच्या लोकांच्या, शिल्पांचे संग्रहालय. ‘मी सॉन’ या चाम मंदिरांच्या दरीत जाण्यापूर्वी हे पाहणे आवश्यक, कारण त्या दरीतील मूर्ती बहुतांशी येथेच आहेत. मी सॉन येथे चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजाने भद्रेश्वर या नावाने शिवाची स्थापना केली. मंदिर जळाल्यावर सातव्या शतकात शंभुवर्मनाने ते पुन्हा बांधून देवाच्या नावात आपले नाव गुंफले. आणि त्यानंतर अनेक शतके राजामागून राजा या दरीत विटांची शिखरे उभारीत गेला. विटा इतक्या घट्ट बसविल्या आहेत की मधला सांधा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. त्या कशाने चिकटविल्या याबद्दल झाडाच्या राळेपासून अनेक तर्क मांडले गेले, आणि वाद अद्याप मिटलेला नाही. दहाव्या शतकातील सर्वांत देखणे शिखर १९६९च्या ऑगस्टात अमेरिकन विमानांच्या बाँबफेकीत कोसळले. आपण पाहतो तो त्याचा जोता आणि विटांचा ढीग. पुढे काझिमिएर्झ क्वियात्कोव्स्की या पोलिश वास्तुतज्ज्ञाने १९८१पासून मृत्यूपर्यंत येथील अवशेष सावरण्यात आयुष्य वेचले. २०१७पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने काही मंदिरसमूहांचे काम केले, आणि २०२० साली त्यांना एकसंध वालुकाश्मातील नवव्या शतकाचे शिवलिंग सापडले. त्या वार्तेने आपल्याकडे जो उत्साह उसळला त्यात एक गोष्ट झाकोळली : ते घडविणारे आपले कोणी परागंदा झालेले भाऊबंद नव्हते. चाम हे मलय-इंडोनेशियाई कुळातील भाषा बोलणारे दर्यावर्दी लोक. त्यांनी शिव आणि संस्कृत स्वेच्छेने स्वीकारले, आणि आपल्या पद्धतीने वागविले.

येथून सुमारे ४० किलोमीटरवरील होई आन हे बंदर न्गुएन सरदारांनी परदेशी व्यापाऱ्यांना खुले करून भरभराटीस आणले. सोळाव्या-सतराव्या शतकांत जपानी आणि चिनी व्यापाऱ्यांच्या तेथे स्वतंत्र पेठा होत्या. पुढे जपानने आपल्याच प्रजेला परदेशगमनाची मनाई केली, नदी गाळाने भरली, आणि गलबते दा नांगला जाऊ लागली. व्यापार गेला म्हणून जुनी घरे पाडण्याइतका पैसा कोणापाशी उरला नाही, आणि म्हणूनच आज त्यांपुढे कंदील टांगून पर्यटकांकडून तो वसूल करता येतो. संध्याकाळची गर्दी मला असह्य वाटली. पहाटेचे होई आन निराळेच. येथील ‘काओ लाउ’ या जाड शेवया राखेच्या क्षारयुक्त पाण्यात भिजवलेल्या तांदळाच्या होतात, आणि खरे पाणी अमुकच जुन्या विहिरीचे हवे, असे जाणते लोक सांगतात. हळद घातलेले ‘बान्ह सेओ’ हे तांदळाचे कुरकुरीत धिरडे मात्र कोकणी घावनाचे सख्खे भावंड वाटावे असे. फक्त त्याच्या पोटात कोळंबी आणि मोड आलेले मूग असतात, आणि ते पाल्यात गुंडाळून खावयाचे असते.

न्हा त्रांग हे आज समुद्रस्नानाचे गजबजलेले शहर, तेथील टेकडीवरच्या पो नगर या चाम मंदिरासाठी उतरावे. ७७४ साली समुद्रमार्गे आलेल्या जावाच्या लुटारूंनी मूळ मंदिर जाळले, आणि दहा वर्षांनी सत्यवर्मन राजाने ते नव्याने बांधले. १६५३ साली हा मुलूख न्गुएनांच्या हाती गेला, तेव्हा जेत्यांनी देवीला हलविले नाही. तिला ‘थिएन इ आ ना’ असे नवे नाव दिले, तिच्याभोवती नवी कथा रचली, आणि दशभुजा पाषाणमूर्तीवर रेशमी वस्त्रे चढविली. आज मंदिरात उदबत्त्या लावणारे बहुतेक व्हिएतच असतात. मुलूख जिंकला तरी त्याची अधिष्ठात्री देवता रुष्ट होऊ नये, ही भीती त्यामागे असावी. किंवा आधीपासून तेथे नांदणाऱ्या चाम शेजाऱ्यांकडून वसाहतकरी शेतकऱ्यांनी नवस बोलणे हळूहळू उचलले असावे.

पुढचे महत्त्वाचे स्थानक थाप चाम, म्हणजे चामांचे शिखर. स्थानकाजवळच्याच टेकडीवर पो क्लोंग गराय हे मंदिर आहे, आणि ते राजकन्येसाठी दोन प्रांत देणाऱ्या त्याच जयसिंहवर्मनाचे. हा प्रदेश चाम लेखांत पांडुरंग या नावाने येतो. मराठी वाचकाचे कान टवकारतील, पण येथील राजे शिवोपासक होते, तेव्हा पंढरीशी नाते जोडण्याचा मोह आवरावा. चंपाचा हा शेवटचा तुकडा मिन्ह मांग बादशहाने १८३२ साली खालसा केला, आपल्याकडे सातारा खालसा होण्याच्या सोळा वर्षे आधी. येथे मात्र चाम संपलेले नाहीत. ऑक्टोबरच्या सुमारास ‘काते’ उत्सवात डोंगरातील राग्लाय लोकांनी सांभाळलेली राजवस्त्रे मिरवणुकीने मंदिरात आणतात, पुजारी मुखलिंगाला स्नान घालून ती नेसवितात, आणि टेकडीवर कुटुंबेच्या कुटुंबे नैवेद्य मांडून बसतात. याच सुमारास होई आन पुराच्या पाण्यात असण्याचा संभव मोठा; थाप चामचा हा भाग मात्र देशातील सर्वांत कोरडा. तेव्हा उत्सव पाहावयाचा तर मध्य भागाची हौस फेब्रुवारी ते एप्रिलसाठी राखून ठेवावी, दोन्ही एका सुटीत साधत नाही.

याच किनाऱ्यावर खाली फान थिएट येथे लाकडी पिंपांत मासळी आणि मीठ मुरवून ‘नुओक माम’ हा मत्स्यरस काढतात, आणि ही विद्या व्हिएतांनी चामांकडून घेतली असे काही अभ्यासक मानतात. शाकाहारी प्रवाशाने या रसाची धास्ती बाळगावी, कारण निव्वळ भाजीतही तो असतो. त्याने ‘चाय’ अशी पाटी शोधावी. हिचा चहाशी संबंध नाही, ती बौद्ध निरामिष भोजनाची खूण होय. चांद्रमासाच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला तर अशा खानावळींत जागा मिळण्याची मारामार असते.

सायगॉन हे १६९८ नंतर न्गुएनांच्या अंमलाखाली आलेले, त्यापूर्वी ख्मेरांचे. १९५४च्या फाळणीनंतर उत्तरेतून लाखो निर्वासित येथे आले, आणि त्यांच्यासमवेत फो आला. येथे त्याला मोड, तुळशीच्या जातीचा पाला, लिंबू, गोड चटणी असे सारे काही लाभले, ज्याला हनोईकर नाक मुरडतो. फ्रेंच अमदानीत तमिळ चेट्टियार सावकार येथे स्थायिक झाले. त्यांच्या मारिअम्मन मंदिरात आता व्हिएत आणि चिनी भाविकच अधिक दिसतात. नारळाच्या दुधात शिजवलेली, रताळी घातलेली कोंबडीची करी येथे फ्रेंच पद्धतीच्या पावाबरोबर खातात, आणि दक्षिणेतील पुष्कळ व्हिएत घरांत पूर्वजांच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीत ती वाढलेली असते.