न विचारलेला प्रश्न

वैशाखाच्या उकाड्यांत १५ वर्षांचा मुलगा दिवसभर लांब बाह्यांचा सदरा घालून बसतो, पानावर बसला तरी हूं कीं चूं करीत नाहीं, आणि घरांतील वडील मंडळी म्हणतात, 'वयच तसें आहे.' पुष्कळदां तें खरेंहि असतें. परंतु कधीं कधीं त्या बाहीखालीं स्वतःच केलेल्या जखमा असतात.

त्या दृष्टीस पडतांच आई-बापांच्या तोंडून पहिला उद्गार बहुधा रागाचा निघतो: 'तुला काय कमी केलें होतें?' हा राग म्हणजे भीतीचेंच रूप होय, हें मोठ्यांना कळतें, मुलाला नाहीं. आपलें दुःख येथें अपराध ठरलें, एवढेंच त्याला उमगतें, आणि पुढची जखम तो अधिक जपून लपवितो. असें करणारें प्रत्येक मूल मरूं इच्छितें असें नव्हे. असह्य झालेली लाज किंवा रितेपणा क्षणभर हलका व्हावा, एवढाच पुष्कळांचा हेतु असतो. तथापि हें सोंग समजून काणाडोळा करणें घातक आहे. अशा मुलांत पुढें आत्महत्येचा धोका अधिक आढळतो.

'मरावेंसें वाटतें का?' असें विचारल्यानें नसलेला विचार मनांत भरेल, ही समजूत सुशिक्षित घरांतहि आहे. संशोधनानें तिला आधार मिळालेला नाहीं. उलट विचारल्यानें मुलाचा भार हलका होतो. प्रश्न एकांतांत, शांतपणें विचारावा, आणि मग गप्प बसावें. हें दुसरें फार कठीण! उत्तर कदाचित् दोन दिवसांनीं, भाजी निवडतांना येईल. 'पुन्हां करणार नाहीं' अशी शपथ मात्र घालूं नये. ती मोडली कीं लपविण्याची आणखी एक गोष्ट वाढते.

उत्तर 'होय' आलें, तर मुलाला एकटें सोडूं नये, इजा होण्याजोग्या वस्तु दूर ठेवाव्या आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. पोलिसांच्या धास्तीनें पुष्कळ घरें येथेंच अडतात. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखालीं होता असेंच गृहीत धरिलें जातें, आणि त्याच्यावर उपचार करणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे. २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनि-क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, मराठींतूनहि मिळतो. काय बोलावें हें न सुचलेल्या आई-बापांनाहि तेथें विचारतां येतें.