फसवणुकीचे शब्द आणि दौलताबादचा किल्ला

सापळा, जाळे, फास, आमिष, चकवा, हूल, कोंडी, दगा हे शब्द समानार्थी म्हणून सर्रास एका पंक्तीत बसविले जातात. वस्तुतः अडकणारा मनुष्य लोभामुळे अडकला की भयामुळे, विश्वासामुळे की केवळ दिशाभूल झाल्यामुळे, याची साक्ष त्यांतील प्रत्येक शब्द निरनिराळी देतो. ही भिन्नता उमजून घ्यावयाची, तर छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येस सुमारे १५ किलोमीटरवरील दौलताबादच्या किल्ल्याइतके उत्तम स्थळ महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

प्रथम चकवा. महाकोट या तटबंदीचे दरवाजे मागे टाकून आणि कातळात खोदलेल्या खंदकावरील चिंचोळा पूल ओलांडून आपण ‘अंधारी’त शिरतो. डोंगराच्या पोटातून वर चढणारा हा मार्ग वळणावळणाचा, पायऱ्या उंचसखल आणि काळोख असा दाट, की पुढचे पाऊल कोठे पडेल हे नवख्यास कळत नाही. येथे कोणी लोभ दाखवीत नाही, कोणी खोटे बोलतही नाही. केवळ दिशेचे भान हरपते. रानात वाट सुटून तेथल्या तेथे फिरत राहणाऱ्यास ‘चकवा लागला’ असे खेडोपाडी म्हणतात, ते याच अर्थाने. परंतु ह्याच मार्गाच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झडप होती आणि तिच्यावर विस्तव पेटवून शत्रूला धुराने गुदमरविण्याची योजना होती, असे सांगतात. तेथे चकवा संपतो आणि सापळा सुरू होतो. कारण सापळ्याला मिटणारे दार लागते. जाळे पसरावे लागते, फास आवळावा लागतो. सापळा मात्र एका जागी बसून सावजाची वाट पाहतो.

हूल चालते ती भयावर. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर, म्हणजे याच किल्ल्यावर, चालून आला, तेव्हा मागून दिल्लीची प्रचंड फौज येत आहे, अशी आवई त्याने उठविली होती. पुढे देवगिरीचा राजपुत्र शंकरदेव यादव याच्या सैन्याचे पारडे जड होत असता, खिलजीने वेढ्यावर ठेवलेली नसरतखानाची तुकडी धावून आली; तिची धूळ पाहून हीच ती दिल्लीची फौज, असा यादवसैन्याचा समज झाला आणि त्याची फळी फुटली, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. हूल देणाऱ्याजवळ बळ थोडे असते. उरलेले बळ ऐकणाऱ्याचे मन पुरविते.

याउलट कोंडीत लपवाछपवी मुळीच नसते. १६३३ साली मोगल सेनापती महाबतखानाने किल्ल्यास वेढा घातला, सुरुंग लावून तट फोडले, रसद तुटून शिबंदीची उपासमार झाली आणि निजामशाहीचा कारभारी, मलिक अंबरचा पुत्र फतेहखान याने किल्ला हवाली केला. कोंडी उघड्या डोळ्यांदेखत होते. फक्त वाट उरत नाही.

राहिले आमिष आणि दगा. आमिष म्हणजे मूळ संस्कृतात मांस. गळाला लावलेला घास. या शब्दात पकडणाऱ्याच्या कपटाइतकीच गिळणाऱ्याची हावही गृहीत धरलेली असते. दग्यात मात्र बळी पडणाऱ्याचा दोष एवढाच, की त्याने विश्वास ठेवला.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. आज तोतया पोलीस दूरध्वनीवरून अटकेचा धाक घालून निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी लुबाडतात आणि आपण सहज म्हणून जातो, ‘आमिषाला बळी पडला.’ त्या गृहस्थाने कसलाही लोभ धरलेला नव्हता. त्याला हूल दिली गेली. चुकीच्या शब्दाने आपण लुटलेल्यावरच हावरेपणाचा ठपका ठेवतो आणि मग तो लाजेने तक्रारही करीत नाही. म्हणून बातमी लिहिणाऱ्यांनी व पंचनामा करणाऱ्यांनी लोभ असेल तेथेच आमिष म्हणावे, भय असेल तेथे हूल आणि विश्वासघात असेल तेथे दगा म्हणावे. एवढी काळजी घेतली, तरी गुन्ह्याचा दोष गुन्हेगाराच्याच माथी राहील.