संगणक-शिक्षणाचे पहिले वर्ष आणि बोर्डिंगचा धडा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत उच्च शिक्षणाची सोय नाही, असे आज कोणी म्हणणार नाही. सांगलीच्या विश्रामबागेत १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. पुढे ते वालचंद या नावाने प्रसिद्धीस आले. कराडला १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, तर वाळवा तालुक्यात साखराळे येथे १९८३ मध्ये राजारामबापूंच्या नावाची संस्था उभी राहिली. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेची तीन महाविद्यालये एकत्र येऊन कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आकारास आले आहे. संगणकशास्त्राचे पदवी अभ्यासक्रम आता तालुक्याच्या गावीही चालतात. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठे महांकाळ यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांतून किंवा पाटण-जावळीच्या डोंगरकपारीतून आलेला विद्यार्थी या दारातून आत शिरतो. त्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्याचे काय होते, याचा विचार मात्र अद्याप पुरेसा झालेला दिसत नाही.

बारावीला गणितात उत्तम गुण मिळविलेला मुलगा पहिल्याच सत्रात आज्ञावली-लेखनात, म्हणजे ज्याला आपण सर्रास प्रोग्रामिंग म्हणतो त्या विषयात, मागे पडतो. 'याचे इंग्रजी कच्चे आहे' असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे. संगणकाच्या 'सी' या भाषेच्या मूळ प्रमाणित रूपात अवघे ३२ राखीव शब्द आहेत. तेवढे शब्द कोणताही विद्यार्थी आठवडाभरात पाठ करील. अडचण येते ती पाठ्यपुस्तकातील विवेचन आणि पडद्यावर उमटणारे चुकीचे संदेश यांच्या इंग्रजीची. जतच्या सीमेवरील गावांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तेथून आलेल्या मुलाला तर इंग्रजी पुस्तक परके आणि त्यावरचे मराठी स्पष्टीकरणही परके.

परंतु भाषेपलीकडेही एक अडसर आहे. तो समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. पहिल्या काही तासांतच फळ्यावर 'क्ष = क्ष + १' अशा स्वरूपाची एक ओळ येते. दहा वर्षे निष्ठेने बीजगणित शिकलेल्या मुलाला ही ओळ धडधडीत खोटी वाटते. कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी कशी असेल? त्याची शंका बिनतोड आहे. संगणकाच्या भाषेत हे बरोबरीचे चिन्ह समता दाखवीत नाही. ते आज्ञा देते. कणगीत जेवढ्या पायल्या धान्य आहे ते मोजा, त्यात एक पायली मिळवा आणि होणारे सगळे धान्य पुन्हा त्याच कणगीत ठेवा, एवढाच तिचा अर्थ. शिक्षकाने हे दोन वाक्यांत सांगितले तर गाठ सुटते. पण विचारणार कोण? शेजारच्या बाकावरील शहरी मुलाने हे सारे घरच्या संगणकावर दोन वर्षांपूर्वीच केलेले असते. तो मान डोलावतो. ती डोलणारी मान पाहून आपला मुलगा समजतो, की सर्वांना कळले, मलाच कळले नाही. शंका खिशात घालून तो वसतिगृहावर परततो. अशा आठ-दहा शंका साठल्या की सत्र संपते.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. कार्यालयात संगणक आला तेव्हा कळफलकावर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटाने अक्षर शोधण्याचा अनुभव त्याने घेतला आहे, आणि त्यापेक्षाही शिपायाने आपल्याकडे पाहू नये म्हणून दार लोटून घेण्याचा. तेव्हा या विद्यार्थ्यांची स्थिती त्याला केवळ पुस्तकातून कळलेली नाही.

एकांतात चुकण्याची सोय

आज्ञावली लिहिणे हे पोहण्यासारखे आहे. काठावर बसून ऐकल्याने येत नाही. एखादा स्वल्पविराम किंवा कंस राहिला तरी यंत्र अडून बसते, चूक दाखविते, पुन्हा लिहावे लागते. जाणकारही दिवसातून कितीदा तरी चुकतात. फरक एवढाच, की ज्याच्या घरी संगणक आहे तो रात्री अकरा वाजता, कोणी पाहत नसताना शंभर वेळा चुकू शकतो. ज्याच्या घरी नाही, त्याला आठवड्याला प्रयोगशाळेचे मोजके तास मिळतात आणि त्याची प्रत्येक चूक चारचौघांत होते. हातात मोबाईल आहे, हे खरे; परंतु मोबाईलवर वाढलेल्या या पिढीने पुष्कळदा कळफलक हाताळलेला नसतो, आणि आपण जतन केलेली फाईल यंत्रात नेमकी कोठे गेली हेही तिला उमगत नाही. तेव्हा पहिल्या सत्रात उणीव असते ती यंत्रापुढे बसण्याच्या तासांची, आणि अडल्यास विचारावे अशा माणसाची.

या तासांचा एस.टी.च्या वेळापत्रकाशी निकटचा संबंध आहे. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. बारावी संपली की ही सवलत थांबते. मुलगी महाविद्यालयात जाऊ लागते नेमकी तेव्हाच. महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्याची सवलत आहे, विद्यार्थ्यांना सवलतीचा मासिक पासही मिळतो. तरी गावी जाणारी शेवटची गाडी संध्याकाळी सुटते आणि प्रयोगशाळा मोकळी होते ती वर्ग संपल्यानंतरच. गाडी गाठावी की यंत्र, या पेचात मुलगी गाडी गाठते. तिने तसे करणे योग्यच आहे. मग गुणपत्रिकेवर जे उमटते त्याला आपण अभिरुचीचा अभाव म्हणतो.

धननीच्या बागेतील उत्तर

हा पेच नवा नाही आणि त्याचे एक उत्तर याच मातीत शंभर वर्षांपूर्वी शोधले गेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. धननीच्या बागेतील या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एकत्र अभ्यासाला बसत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुढे १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि 'कमवा व शिका' ही योजना महाविद्यालयीन शिक्षणाचे अंग बनली.

बोर्डिंगचे स्मरण आपण बहुधा अन्न आणि निवारा एवढ्यापुरते करतो. त्याचे शैक्षणिक मर्म याहून खोल होते. ज्या मुलाच्या घरात कोणी शिकलेले नाही, त्याला तेथे वरच्या वर्गातला मुलगा रात्री कंदिलाच्या उजेडात शेजारी मिळत असे. अडले तर विचारण्याला लाज नव्हती, कारण सगळेच अडलेले होते.

१९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील बर्कले येथे, युरी ट्रीझमन या गणिताच्या अभ्यासकाला हेच वेगळ्या वाटेने आढळले. तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रात मोठ्या प्रमाणावर अनुत्तीर्ण होत. तयारी कमी, घरचे वातावरण प्रतिकूल, अशी कारणे प्राध्यापक सांगत. ट्रीझमन यांनी मुलांच्या दिनक्रमाचे निरीक्षण केले, तेव्हा ती मुले कष्टाळू होती, पण एकेकटी अभ्यास करीत असल्याचे दिसले. चिनी वंशाची मुले मात्र एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत. मग ट्रीझमन यांनी गट करून मुलांना उदाहरणे सोडवायला बसविले. ती उदाहरणे सोपी नव्हती. मुद्दाम अवघड निवडली होती. दुबळ्यांचा वर्ग असा शिक्का त्या गटांवर नव्हता, आणि निकाल सुधारले. आपल्याकडे 'उपचारात्मक वर्ग' हे शब्द फलकावर लिहिले की निम्मी मुले दारातूनच परततात, हे शिक्षकांनी लक्षात घ्यावे. त्याच प्रांतातील हार्वे मड या महाविद्यालयाने संगणकाच्या पहिल्या अभ्यासक्रमात अनुभवी आणि नवखे यांच्या तुकड्या वेगळ्या केल्या, म्हणजे मान डोलावणारा शेजारी राहिलाच नाही. तेथे या शाखेकडे वळणाऱ्या मुलींचे प्रमाण पुढील काही वर्षांत लक्षणीय वाढले.

आपल्या दोन जिल्ह्यांत यासाठी नवी इमारत लागणार नाही. 'कमवा व शिका' योजनेतील मुलांना बागकाम, ग्रंथालय, कार्यालय अशी कामे दिली जातात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन होतकरू मुलांना संध्याकाळी सहा ते नऊ प्रयोगशाळा उघडी ठेवण्याचे काम द्यावे. कुलूप काढणे, यंत्रे सुरू करणे आणि नवख्याच्या शेजारी बसणे. त्यांनी उत्तर लिहून देऊ नये. चूक कोठे आहे ते शोधण्यास शिकवावे. वसतिगृहातील मुलांची याने सोय होईल. एस.टी.ने जाणाऱ्यांसाठी सकाळच्या पहिल्या गाडीची वेळ पाहून एक तास ठेवता येईल. मुंबईच्या आय.आय.टी.ने तयार केलेले 'स्पोकन ट्युटोरियल' हे ध्वनिचित्रपाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. ते एकदा उतरवून घेतले की जालाविनाही चालतात.

ग्रामपंचायतींचे काम त्याही आधी सुरू होते. संगणक उपयोजनाच्या पदवीसाठी २०२४ पासून सामाईक प्रवेश परीक्षा आहे, ही गोष्ट अनेक घरी अर्ज भरण्याची मुदत टळल्यावर कळते. शासनाने २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. या सर्वांना उत्पन्नाचा दाखला लागतो, बहुतेकांना जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते. एक कागद राहिला की हप्ता अडतो. हप्ता अडला की मुलगा खोलीचे भाडे भागविण्यासाठी एखाद्या दुकानात संध्याकाळी उभा राहतो, आणि प्रयोगशाळेचे तास पुन्हा जातात ते तेथे.

म्हणून बारावीची परीक्षा संपताच, निकालाची वाट न पाहता, ग्रामसेवक, तलाठी आणि शाळेचे मुख्याध्यापक यांनी एप्रिलमध्येच एक दिवस पंचायतीच्या कार्यालयात बसावे. गावातील बारावीच्या मुलांची यादी समोर असावी. कोणाचा कोणता दाखला बाकी आहे हे त्या यादीतच पेन्सिलीने लिहावे, आणि गावातून गेल्या वर्षी संगणकाच्या पहिल्या वर्षात शिकून आलेला कोणी असेल, तर त्यालाही त्या दिवशी बोलावून घ्यावे.