सेवानिवृत्तीनंतरची नवी शाखा

सेवानिवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांच्याबरोबर एक सल्ला हमखास मिळतो : "आता निवांत आराम करा." छत्तीस वर्षांच्या बँकसेवेनंतर तो मलाही गोड वाटला. पुढे मात्र सकाळचे साडेनऊ वाजले की पाय आपोआप दाराकडे वळू लागले. त्यातच पुण्याचे घर बंद करून आम्ही उभयता बंगळुरूला मुलाकडे राहावयास आलो. शहर नवे, भाषा नवी. मुलगा आणि सून कामावर, नात शाळेत. दिवसभरात चार वाक्ये बोलावीत असे माणूस मिळेना.

एका रविवारी नातीला घेऊन कस्तुरबा रस्त्यावरील विश्वेश्वरय्या औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयात गेलो. राइट बंधूंच्या विमानाची प्रतिकृती पाहण्यात ती रंगून गेली. मी रेंगाळलो तो संग्रहालयाच्या नावापाशी. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले आणि खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसविणारे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आपल्याला परके नाहीत. मुंबई इलाख्याच्या सेवेतून ते १९०८ मध्ये, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, स्वेच्छेने निवृत्त झाले. हैदराबादची पूरनियंत्रण योजना आणि म्हैसूरचे दिवाणपद हे सारे त्यानंतरचे. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पुढाकाराने १९१३ मध्ये बँक ऑफ म्हैसूर स्थापन झाली. तीच पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर म्हणून ओळखली गेली आणि २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. वयाची शंभरी ओलांडून एप्रिल १९६२ मध्ये ते निवर्तले. त्याच वर्षी जुलैत या वास्तूचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. त्यांची थोरवी आपल्याला कोठून यावी? परंतु निवृत्ती म्हणजे कामाचा शेवट नव्हे, एवढा बोध घेण्यास हरकत नव्हती.

शहरातीलच एका लहान संग्रहालयात नाणी व नोटांचे दालन होते. तेथे स्वयंसेवक हवे असल्याचे कळले आणि मी नाव दिले. मानधन नाही, दर शनिवारी तीन तास. पहिले काही आठवडे इतरांचे ऐकायचे, अभिरक्षकांनी दिलेली टिपणे वाचायची, मग बोलायचे.

माझा पहिला दिवस सपशेल फसला. १८६१ च्या कागदी चलन कायद्यापासून प्रारंभ करून, पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाल्याने १९१७ मध्ये निघालेली एक रुपयाची नोट आणि १९३८ मधील रिझर्व्ह बँकेची पहिली पाच रुपयांची नोट, असे मी सविस्तर व्याख्यान दिले. ते संपले तेव्हा समोर दोनच मुले उरली होती, तीही बहुधा भिडेपोटी!

पुढच्या शनिवारी एका मुलीने काचेतील पितळी टोकनाकडे बोट दाखवून विचारले, "हे कसले पदक?" मी मुलांना बाकावर बसविले, प्रत्येकाच्या हाती क्रमांकाची चिठ्ठी दिली आणि जुन्या शाखेचा कारभार सांगू लागलो. काउंटरवर धनादेश द्यायचा, टोकन घ्यायचे, कारकुनाने लेजरमध्ये नोंद करायची, अधिकाऱ्याने स्वाक्षरी पडताळायची आणि मग रोखपालाने क्रमांक पुकारायचा. पाच पैशांचा फरक सापडेपर्यंत आम्ही रात्री घरी जात नसू, हेही सांगितले. एका मुलाने विचारले, "इतका वेळ लोक बाकावर बसून काय करायचे?" मी म्हणालो, "एकमेकांशी बोलायचे." सारी मुले हसली; माझा गळा मात्र किंचित दाटला.

त्या दिवशी एक गोष्ट उमगली. फलकावर वस्तूचे नाव, धातू आणि साल असते. ती हाताळताना माणसे कशी वागत, हे ती हाताळलेलाच सांगू शकतो. हाताने लेजर लिहिणारी आपली बहुधा अखेरची पिढी. आपण गप्प बसलो तर उद्या केवळ फलक उरेल.

आता मुलांना मी आजची नोट उलटून भाषांची पट्टी वाचावयास सांगतो. पंधरा भाषांत चौथी कन्नड, आठवी मराठी. "ही तुमची, ही माझी," म्हटले की ओळख होते. कन्नडही थोडी आली आहे. 'नोडि' म्हणजे पाहा. आणि सर्वांत उपयोगी शब्द 'गोत्तिल्ला', म्हणजे ठाऊक नाही. हा शब्द प्रामाणिकपणे उच्चारणे स्वयंसेवकाला आलेच पाहिजे.

निवृत्तीच्या उंबरठ्यावरील सहकाऱ्यांना आणि ज्येष्ठ ग्राहकांना एवढेच सुचवावेसे वाटते : आपल्या गावातील संग्रहालयात एकदा चौकशी करा. झेपेल तेवढाच वेळ द्या, पण दिलेली वेळ पाळा. हुद्दा घरी ठेवून जा. आधी प्रश्न ऐका, मग बोला.

शनिवारी सकाळी साडेनऊला पाय अजूनही दाराकडे वळतात. फरक इतकाच, की आता त्यांना कोठे जायचे ते ठाऊक असते.