कोकेन आणि एका जनुकाची काटछाट

जनुकावरून आधी आरएनएची कच्ची नक्कल निघते. पेशी तिच्यातले काही तुकडे कापून टाकते, उरलेले जोडते आणि त्यावरून प्रथिन बनवते. कापण्याची जागा बदलली, की त्याच जनुकातून वेगळं प्रथिन निघतं.

फॉसबी या जनुकाचं असंच आहे. मेंदूत सुखाच्या ओढीशी जोडलेला ‘न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स’ नावाचा भाग असतो. कोकेनमुळे तिथे हे जनुक जोरात काम करू लागतं. त्याचं पूर्ण प्रथिन काही तासांतच मोडतं. पण काटछाटीत थोडा जास्त तुकडा गेला, तर शेपटाकडची 101 अमिनो आम्लं नसलेलं आखूड प्रथिन तयार होतं: डेल्टा-फॉसबी. ‘मला लवकर मोडा’ हे पेशीला सांगणारा भाग नेमका त्या शेपटात असतो. त्यामुळे हे प्रथिन आठवडेच्या आठवडे टिकतं, वारंवारच्या नशेने साचत जातं आणि इतर अनेक जनुकांचं काम कमीजास्त करतं.

अमेरिकेत एरिक नेस्लर आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकापासून हे उलगडलं. ज्या उंदरांत हे प्रथिन मुद्दाम वाढवलं, ते कोकेनला जास्त तीव्र प्रतिसाद देऊ लागले. मॉर्फीन, निकोटिन, दारू यांनीही ते वाढतं.

म्हणूनच चार दिवस नशा सोडलेल्या माणसाला ‘आता कसली तलफ?’ असं विचारणं मला क्रूर वाटतं. कोकेन तोवर शरीरातून गेलेलं असतं, डेल्टा-फॉसबी गेलेलं नसतं. पुढे तेही ओसरतं; पण चेतापेशींच्या जोडण्यांत झालेले काही बदल त्यानंतरही राहू शकतात.