देवानं माफ केलं, मग दावीद राजाला भोगावं का लागलं?

'सॉरी म्हटलं ना, विषय संपला!' असं आपण सहज म्हणतो. बायबलमधल्या दावीद राजाचा विषय मात्र संपला नाही.

'२ शमुवेल'च्या ११व्या अध्यायात दावीद आपल्याच सैनिकाच्या, उरियाच्या बायकोला राजवाड्यात बोलावून घेतो. बथशेबा गरोदर राहते. प्रकरण दडपायला तो उरियाला लढाईत मुद्दाम सर्वांत पुढे उभं करायला लावतो आणि उरिया मारला जातो. नाथान संदेष्टा तोंडावर जाब विचारतो, तेव्हा दावीद गुन्हा कबूल करतो. नाथान लगेच सांगतो की देवानं माफ केलंय, तू मरणार नाहीस. पण बाळ वाचणार नाही आणि तलवार तुझ्या घरातून जाणार नाही.

पुढे मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामारवर बलात्कार करतो. दावीद संतापतो, पण शिक्षा करत नाही. (कोणत्या तोंडानं करणार?) मग तामारचा भाऊ अबशालोम अम्नोनला मारतो आणि काही वर्षांनी बापाविरुद्धच बंड करतो.

ख्रिस्ती विचारात माफी म्हणजे देवाशी तुटलेलं नातं जुळणं. त्यानं उरिया परत येत नाही. कॅथलिक शिकवणीत माफीनंतरही काही भोग उरतो, तो प्रायश्चित्तानं फेडायचा. बहुतेक प्रोटेस्टंट म्हणतात, किंमत येशूनं क्रुसावर पूर्ण चुकवली. उरतं ते बापानं मुलाला वळण लावणं.

बाळाचं काय चुकलं, हे दोन्ही उत्तरांनंतरही टोचतंच. आणि हा हिशेब उलटा लावू नका. जन्मांध माणसाकडे बघून शिष्यांनी पाप कोणाचं असं विचारलं, तेव्हा येशूनं सांगितलं, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही.